दादरची निबंध-विषयांची पुस्तिका: निम्मी कामाची, निम्मी भरताड

व्याख्येवरचा निबंध म्हणजे अमुक गोष्ट तमुक प्रकारात मोडते की नाही, हे निकष लावून पटवून देणं. त्यासाठी विषय पुरवणारी ही स्पायरल पुस्तिका दादर पश्चिमेला स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

आधी भरताड. 'यश म्हणजे काय', 'खरी मैत्री', 'देशप्रेम'. असा विषय घेतला की मुलं शब्दकोशातली ओळ उतरवतात, दोन सुभाषितं जोडतात आणि तिसऱ्या परिच्छेदात गाडी अडते. खरी मैत्री निःस्वार्थ असते, याला नाही म्हणणार कोण? समोर विरोधकच नसेल तर वाद घालायचा कोणाशी!

मागच्या पानांवरचं कोष्टक मात्र झकास. रकाने तीन: निकष, जुळतो का, पुरावा. विषय पक्का करण्याआधीच ते पेन्सिलीने भरून बघावं. सगळीकडे बरोबरची खूण आली तर विषय सोडून द्या. निदान एका निकषावर तरी घासाघीस व्हायला हवी.

यादीतला सगळ्यात दमदार विषय 'आरे हे जंगल आहे का?' आरे म्हणजे मुंबईत गोरेगावला असलेली झाडीने भरलेली दूध वसाहत. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने जंगलाचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे घ्यायला सांगितलं, जमिनीची मालकी कोणाचीही असो. तरी ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेला जंगल ठरवण्याची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तिथली सुमारे ८०० एकर जमीन राखीव जंगल करणार असल्याचं जाहीर केलं. झाडांची दाटी, वन्यजीव, सरकारी नोंद, जमिनीचा वापर, यांतले तीन निकष लावा; कागद एक सांगतो, बिबट्या दुसरंच. शिवाय 'जंगल' ठरलं की परवानग्या बदलतात, म्हणजे उत्तराला किंमत आहे.

'डिलिव्हरी करणारा कर्मचारी की भागीदार?' हाही पक्का विषय. पण सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधली गिग कामगाराची (कायम नोकरीऐवजी कामागणिक पैसे मिळवणाऱ्याची) व्याख्या पुस्तिकेत नाही. ती या कामाला पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर ठेवते. निबंधाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

पाच निकष घ्या, हा पुस्तिकेचा सल्ला ८०० शब्दांच्या निबंधात पाळू नका. प्रत्येकाला जेमतेम एक परिच्छेद मिळतो आणि विरोधी बाजूला उत्तर द्यायला जागाच उरत नाही. तीन पुरेत.