बराकीतली साक्षरता: परीक्षा की सोबती?

भारतातल्या तुरुंगांत निरक्षर बंद्यांसाठी सध्या 'उल्लास' या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमातली चाचणी परीक्षा आहे. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50 असे एकूण 150 गुण; उत्तीर्ण व्हायला 33 टक्के पुरेत. वर प्रमाणपत्रही मिळतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव छापील कागदावर, तेही आरोपपत्राबाहेर, पाहण्यात काय असतं ते शिकलेल्या माणसाला सहज कळणार नाही.

ब्रिटनमधल्या तुरुंगांत वाचन शिकवणाऱ्या शॅनन ट्रस्ट या संस्थेची रीत वेगळी. वाचता येणारा कैदी न येणाऱ्याशेजारी बसतो, रोज साधारण 20 मिनिटं, आणि पाच पुस्तिका एकेक करून संपवतो. शिकणारा आपल्या गतीनं पुढे सरकतो. नापास कुणी होतच नाही. शाळेत छड्या खाऊन पळालेल्या माणसाला ही गोष्ट फार मोठी वाटते. (वर्ग म्हटलं की अजूनही काहींच्या पोटात गोळा येतो.)

मला सोबतीचीच बाजू जड वाटते. आपल्याकडे चारातले जवळपास तीन कैदी कच्चे, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. आज तारीख, उद्या जामीन, परवा दुसऱ्या कारागृहात बदली. ठरावीक दिवशीची परीक्षा अशांच्या हातून हमखास निसटते. वीस मिनिटं निसटत नाहीत. शिकवणाराही सुटून जातो, ही मात्र पंचाईतच.

पण बाहेर पडल्यावर कागद लागतो, आणि तो परीक्षाच देते. शिवाय चाचणीत आकडेमोड आहे. शॅनन ट्रस्टच्या त्या पाच पुस्तिका वाचनापुरत्याच. कँटीनचा हिशेब स्वतः तपासायचा तर वाचन पुरत नाही.