अंतराळवीरांच्या बॅटरीची सुरक्षा : फर्मागुडीच्या अभ्यासवर्गाचे परीक्षण

फोंड्याजवळ फर्मागुडीला नुकताच मानवी अवकाशमोहिमांमधील बॅटरी-सुरक्षेवरचा एक निवासी अभ्यासवर्ग झाला. विमान आणि अवकाश उद्योगांतून निवृत्त झालेल्या काही अभियंत्यांनी तो घेतला आणि इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकलची पदविका वा पदवी असलेल्या कोणालाही त्यात प्रवेश होता. सागरी उपकरणांसाठी बॅटरी-पॅक जुळवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी काम करतो. त्यामुळे अवकाशयानाशी माझा थेट संबंध येत नाही. तरीही बंदिस्त कवचात लिथियम-आयन सेल ठेवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्या सर्वांनी हा वर्ग करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातील उणिवाही मी पुढे मांडणार आहे, कारण त्या दूर झाल्या तर गोव्यातल्या लहान उद्योगांना याचा कितीतरी अधिक उपयोग होईल.

आपल्याकडे बॅटरी-सुरक्षेचे प्रशिक्षण बहुधा बीएमएसपासून, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रण-यंत्रणेपासून, सुरू होते. चार्ज किती व्होल्टला तोडावा, तापमानाची मर्यादा काय असावी, प्रवाह वाढला तर काय करावे, म्हणजेच सेल बिघडू नये म्हणून काय करावे, एवढ्यावर सगळा भर असतो. या वर्गात पहिल्याच सत्रात सांगण्यात आले की सेल बिघडणार हे गृहीत धरूनच पॅकची आखणी करायची. सेल तयार होताना आत राहिलेला धातूचा सूक्ष्म कण कालांतराने सेपरेटर (दोन अग्रांना वेगळे ठेवणारा पातळ पडदा) भेदून आतल्या आत शॉर्ट घडवू शकतो. असा दोष नेहमीच्या तपासणीत सुटू शकतो, आणि शॉर्ट सेलच्या पोटात असल्यामुळे बाहेरचा कोणताही फ्यूज त्याला रोखू शकत नाही. तापमान वाढत जाते, सुमारे १३० अंश सेल्सिअसला पॉलिएथिलीनचा सेपरेटर वितळतो, पुढे धनाग्रातून ऑक्सिजन सुटू लागतो आणि सेल थर्मल रनअवेमध्ये, म्हणजे स्वतःच्याच उष्णतेने अनावर तापत जाण्याच्या अवस्थेत, जातो. तेव्हा शेजारच्या सेलचे काय होणार, हाच अभ्यासवर्गाचा मध्यवर्ती प्रश्न होता आणि शेवटपर्यंत वक्त्यांनी तो सोडला नाही.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का ठरला, हे समजावण्यासाठी बोइंग ७८७ चे प्रकरण सविस्तर घेतले गेले. ७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानात बॅटरीला आग लागली. त्यानंतर ९ दिवसांनी ऑल निप्पॉन एअरवेजच्या विमानाला बॅटरीतल्या बिघाडामुळे ताकामात्सुला तातडीने उतरावे लागले, आणि जगभरातील ७८७ विमाने जमिनीवर आली. त्या बॅटरीत ८ मोठे सेल होते. बोस्टनच्या घटनेची चौकशी करणाऱ्या अमेरिकी यंत्रणेने एका सेलमधील अंतर्गत शॉर्ट आणि तेथून इतर सेलमध्ये पसरलेला थर्मल रनअवे हे कारण नोंदवले. प्रमाणनाच्या वेळी मात्र असा प्रसार होणार नाही असे धरून चालण्यात आले होते. या घटनांनंतर नासाने स्पेससूटच्या आणि अवकाश स्थानकाच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांकडे याच दृष्टीने पुन्हा पाहिले. जॉन्सन अवकाश केंद्राचा जेएससी-२०७९३ हा मानवी यानांच्या बॅटरी-सुरक्षेचा दस्तऐवज वर्गात ओळीओळीने वाचून घेतला गेला, आणि त्यातली प्रत्येक अट कोणत्या धोक्यासाठी आहे हेही त्या-त्या ठिकाणी सांगितले गेले. नियम पाठ करून घेण्यापेक्षा ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

सर्वात समृद्ध भाग होता तो प्रसार रोखणाऱ्या आखणीचा. नासाच्या अभियंत्यांनी पाच तत्त्वे मांडलेली आहेत : सेलची बाजूची भिंत फुटणार नाही असे पाहणे, सेलमध्ये पुरेसे अंतर ठेवून उष्णतेला वाट देणे, समांतर जोडलेल्या प्रत्येक सेलला स्वतंत्र फ्यूज देणे, बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त पदार्थांपासून शेजाऱ्यांना वाचवणे, आणि ज्वाळा व ठिणग्या पॅकच्या कवचाबाहेर जाऊ न देणे. ही तत्त्वे कुठेही वाचायला मिळतील. येथे ती आकड्यांत उतरवून घेतली गेली. १२ वॅट-तासांच्या एका १८६५० सेलमध्ये (१८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा नळकांडी सेल) सुमारे ४३ किलोज्यूल विद्युत ऊर्जा साठलेली असते, पण थर्मल रनअवेत रासायनिक अभिक्रियांची उष्णता तिच्यात मिळते. दीडपट धरली तर ती ६५ किलोज्यूलच्या आसपास जाते. ही सगळी उष्णता एक किलो ॲल्युमिनियममध्ये समान पसरली तर ते सुमारे ७२ अंशांनी तापेल. तीच उष्णता लगतच्या एकाच सेलकडे गेली तर तोही पेटेल. म्हणून सेल ॲल्युमिनियमच्या भोकांच्या ठोकळ्यात बसवायचे, उष्णता वेगाने सगळीकडे वाटून टाकायची आणि कोणताच सेल धोक्याच्या तापमानापर्यंत पोचू द्यायचा नाही. धातूमुळे शॉर्ट होऊ नये म्हणून मधे विद्युतरोधक थर असलाच पाहिजे, आणि त्या थरामुळे उष्णतेची वाट किती अडते, हेही प्रत्येकाकडून हिशेब करून घेतले गेले.

हा हिशेब कागदावर कितीही नीट जमला तरी प्रत्यक्ष चाचणीशिवाय तो मानायचा नाही, हा आग्रहही योग्यच होता. एखाद्या ठरावीक सेलमध्ये हवे तेव्हा अंतर्गत शॉर्ट कसा घडवायचा, ही चाचणी घेणाऱ्यांची जुनी अडचण. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने नासाबरोबर विकसित केलेल्या युक्तीत सेलच्या आत मेणाचा एक अतिशय पातळ थर असतो. सुमारे ५७ अंशांना मेण वितळते आणि शॉर्ट होतो. सेलची किती उष्णता कवचातून बाहेर येते आणि किती फेकल्या गेलेल्या वायूंबरोबर व कणांबरोबर निघून जाते, हे वेगवेगळे मोजणारा नासाचा कॅलरीमापकही चित्रफितीतून दाखवला गेला. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या सेलमध्येही ही वाटणी चाचणीगणिक बदलते. त्यामुळे एकदा यशस्वी झालेल्या चाचणीवर निश्चिंत राहता येत नाही.

यानाच्या आतल्या परिस्थितीवरचे सत्र माझ्या कामाला सर्वात जवळचे ठरले. गुरुत्वाचा परिणाम जाणवत नसल्यामुळे गरम हवा वर जात नाही. पंखा बंद पडला तर तापलेल्या पॅकभोवतीची हवा तेथेच साचून राहते. फुटलेल्या सेलमधून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि इलेक्ट्रोलाइटचे, म्हणजे सेलमधल्या द्रवाचे, ज्वालाग्राही बाष्प बाहेर येते, आणि त्या द्रवातल्या लिथियमच्या फ्लोरिनयुक्त क्षाराचा ओलाव्याशी संयोग होऊन विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. जमिनीवर माणूस दार उघडून बाहेर पळू शकतो. भारताच्या गगनयान या मानवी मोहिमेच्या आखणीप्रमाणे ४०० किलोमीटर उंचीवरच्या लहानशा कक्षात तिघांना ३ दिवसांपर्यंत राहायचे आहे, आणि श्वासाला मिळणारी हवा तेवढीच. समुद्रात खोल सोडायच्या उपकरणाच्या कवचात माणूस नसतो, पण साचणाऱ्या वायूला वाट नसणे हा धोका तेथेही तसाच आहे. नंतर ते कवच जहाजावर उघडणारा माणूस त्याच्या अगदी समोर उभा असतो. आमच्या कवचांना दाब सोडणारी झडप कुठे आणि केवढी असावी, याचा विचार मी या सत्रामुळे नव्याने करू लागलो आहे.

शेवटचा दिवस सुरक्षा-परीक्षण मंडळाच्या तालमीसाठी होता. प्रत्येक गटाने आपला पॅक मांडायचा आणि वक्त्यांनी मंडळ म्हणून तो तपासायचा. जीवघेण्या धोक्याला आळा घालणाऱ्या उपायांपैकी कोणतेही दोन निकामी झाले तरी धोका रोखला गेला पाहिजे, हे तत्त्व सर्वांनी वहीत लिहिले होते. ते किती अवघड आहे हे मात्र येथे कळले. एका तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या तरुण बाईंनी विचारले, "सर, आम्ही व्होल्टेज तीन ठिकाणी मोजतो, मग अट पूर्ण झाली ना?"

"तीनही मोजमापं एकाच मायक्रोकंट्रोलरकडे जातात का?"

"हो, सर."

"मग ते एकच नियंत्रण झालं, बाय. तो अडकला की तिन्ही गेली."

कोणाचाही अपमान न करता, पण कोणतीही पळवाट न देता ही चौकशी चालली. प्रत्येक उत्तरामागे पुरावा कोणता, चाचणी किती नमुन्यांवर झाली, ते नमुने प्रत्यक्ष वापरायच्या लॉटमधलेच (एकाच वेळी बनलेल्या खेपेतलेच) होते का, असे विचारले गेले. केवळ या एका दिवसासाठी शुल्क भरावे, इतका तो चांगला होता.

आता उणिवा. सर्वात मोठी उणीव म्हणजे सेलची निवड आणि स्वीकृती-तपासणी हा विषय एका दुपारच्या घाईत उरकला गेला. मानवी यानासाठी घेतलेल्या प्रत्येक सेलचे वजन, मापे, खुल्या मंडलातील व्होल्टेज, अंतर्गत रोध आणि क्षमता तपासतात, चार्ज करून ठेवलेला सेल काही दिवसांत किती व्होल्ट गमावतो ते पाहतात, सरासरीपासून दूर पडणारे सेल बाजूला काढतात, आणि लॉटमधील काही नमुने क्ष-किरणांखाली पाहून, उघडून तपासतात. आपल्याकडचे लहान उद्योग नेमके येथेच सर्वात दुबळे आहेत : सेल व्यापाऱ्याकडून येतात, एका खोक्यात दोन लॉट मिसळलेले सापडतात, आणि यूएन ३८.३ चे प्रमाणपत्र दाखवले की सर्वांचे समाधान होते. ते प्रमाणपत्र वाहतुकीतील सुरक्षिततेचे आहे. पॅकमधील प्रसाराबद्दल ते काही सांगत नाही. आखणी कितीही चांगली असली तरी आत बसवलेला सेल कोणता हे माहीत नसेल तर सगळे हिशेब लटके पडतात. या विषयाला पूर्ण दिवस आणि हाताळायला खरे मीटर मिळायलाच हवेत.

दुसरी उणीव प्रात्यक्षिकांची. सभागृहाच्या आवारात सेल पेटवून दाखवणे शक्य नव्हते, आणि तसे न करणेच योग्य. परंतु ॲल्युमिनियमचे नकली सेल, एक हीटर आणि तापमान मोजणारे काही थर्मोकपल घेऊन उष्णता शेजाऱ्याकडे कशी जाते हे निर्धोकपणे मोजता आले असते. यान समुद्रात उतरल्यानंतर खाऱ्या पाण्याने बॅटरीच्या जोडण्यांना होणारा धोकाही दोन स्लाइडमध्ये संपला. ऑक्टोबर २०२३ मधील गगनयानाच्या टीव्ही-डी१ या मानवरहित चाचणीनंतर नौदलाने क्रू मॉड्यूल (अंतराळवीरांचा कक्ष) बंगालच्या उपसागरातून परत आणले, याचा उल्लेख झाला. पण खाऱ्या हवेत जोडण्या कशा गंजतात हे रोज पाहणाऱ्या गोव्यातल्या मंडळींना या विषयावर विचारण्यासारखे खूप होते.

व्याख्याने इंग्रजीत होती आणि शंकासमाधान मराठी व कोकणीत मोकळेपणाने झाले. टिपणे नीटनेटकी आहेत, मात्र आलेखांची छपाई फिकट आहे. निवास आणि जेवणाची सोय साधी आणि स्वच्छ होती.

उष्णतावहनाची प्राथमिक गणिते येत नसतील तर दुसऱ्या दिवसापासून वर्ग जड जाईल, म्हणून तेवढी उजळणी आधी करावी. पुढच्या तुकडीला जाणाऱ्यांनी स्वतः काम करत असलेल्या पॅकचे रेखाचित्र, सेलची डेटाशीट आणि खरेदीच्या नोंदी सोबत न्याव्यात. ते नसेल तर मंडळासमोर आयोजकांचा नमुना पॅक मांडावा लागतो, आणि त्यावरची चौकशी तितकी खोल जात नाही.