न दुखणाऱ्या पायाची तपासणी : नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका दवाखान्याविषयी

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे दादांना, अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर अनवाणी त्र्यंबकेश्वरी जाण्याचा त्यांचा नेम असल्यामुळे, त्याआधी आम्ही त्यांना गंगापूर रोडवरील एका दवाखान्यात नेले. मधुमेही पायांच्या उपचारांचे विशेष प्रशिक्षण घेतलेले सर्जन तेथे फक्त पाय तपासतात. ‘दुखत काहीच नाही, मग डॉक्टर कशाला?’ हा दादांचा प्रश्न होता. परंतु मधुमेहात संवेदना वाहून नेणाऱ्या नसा क्षीण झाल्यावर खडा रुतला तरी कळत नाही, आणि म्हणूनच न दुखणारा पाय अधिक जपावा लागतो.

डॉक्टरांनी बोटांच्या बेचक्या, नखे आणि टाचांच्या भेगा पाहिल्या, शिवाय दादांच्या चपलेच्या आत हात फिरवून पाहिला, हे मला फार आवडले. मग डोळे मिटायला सांगून 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. ‘काका, कळलं की हो म्हणा,’ असे सांगूनही अंगठ्याखाली धागा टेकला तेव्हा दादा गप्पच राहिले. त्यानंतर घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढले. ते 0.9 पेक्षा कमी असल्यास पायाचा रक्तपुरवठा घटल्याचा संशय घेतात. दादांचे गुणोत्तर ठीक होते. तरीही मधुमेहात रोहिण्या (धमन्या) कडक झाल्याने हा आकडा फसवा चांगला येऊ शकतो, हे समजावून डॉक्टरांनी डॉप्लरवर रक्तप्रवाहाचा आवाजही ऐकला. अंगठ्याखालचा घट्टा तासल्यावर आत साकळलेले रक्त दिसले. ही जखमेची पूर्वसूचना होती आणि घरात कोणालाही तिचा पत्ता नव्हता.

अनवाणी चालणे बंद करण्यास त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले, मात्र वारीबद्दल एकही उणा शब्द काढला नाही. कुरूपावर बिब्बा लावणे, ब्लेडने घट्टा कापणे किंवा औषधाच्या दुकानातली सॅलिसिलिक आम्लाची पट्टी चिकटवणे मधुमेह्यांनी कटाक्षाने टाळावे, असेही त्यांनी बजावले.

तक्रार नसली तरी मधुमेह्याने वर्षातून एकदा पाय तपासून घ्यावेत. संवेदना कमी झाली असेल तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे अधिक वेळा. जखम, पू किंवा काळपट पडलेले बोट दिसल्यास त्याच दिवशी जावे. एकच पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेले असेल तर ते दुखत नसले तरी थांबू नये, कारण आतली हाडे खचत असू शकतात. मधुमेह नसलेल्या माणसाची सकाळी पहिल्या पावलाला दुखणारी टाच मात्र बहुधा पोटरीच्या ताणाच्या व्यायामाने आणि योग्य पादत्राणांनी काही महिन्यांत बरी होते.

दवाखान्यात दोन गोष्टी खटकल्या. काळजीचे सूचनापत्रक इंग्रजीत आहे. दिंडोरी-निफाडहून येणाऱ्या शेतकऱ्याला ते मराठीतच मिळायला हवे. मधुमेही पायांसाठीच्या मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपलांचा खर्चही माप घेण्याआधी सांगायला हवा. तपासणी इतकी बारकाईची असूनही या बाबी राहून जाव्यात, याचे वाईट वाटते.

जाताना साखरेचे अलीकडचे अहवाल, चालू औषधांची यादी आणि रोज वापरातली चप्पल सोबत न्यावी. नवी घालून गेल्यास झिजेवरून पायावरचा दाब ओळखता येत नाही.