वाईच्या वाड्याचं काम: घराला साडेचार स्टार, परसाला दोन

नातेवाईक आणि मित्रमंडळी विचारून विचारून दमली म्हणून एकदाच सगळं लिहितेय. वाईत आमचा वाडा आहे. वाडा म्हटलं की लोकांना लगेच मेणवली आठवते, तर तसलं काही नाही, नाना फडणवीसांचा सहा चौकांचा आणि आमचा एकच चौक, दोन मजले, मागे परस, परसात आड. पणजोबांनी बांधला, सव्वाशे वर्षं तरी झाली असतील. गेल्या दोन वर्षांत एका टीमकडून याची दुरुस्ती करून घेतली, एक आर्किटेक्ट बाई, त्यांचे गवंडी आणि सुतार. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि माणसं वाईट नाहीत.

आधी दुखणं काय होतं ते सांगते. ऐंशीच्या दशकात काकांनी मोठ्या हौसेनं सगळ्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचं प्लॅस्टर करून घेतलं, तेव्हा सगळे तेच करायचे, काकांना दोष नाही. पण या भिंती खाली काळा दगड आणि वर पातळ विटा, आणि सगळं पांढऱ्या मातीत बसवलेलं. अशी भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. तिला सिमेंट थापलं की आतली ओल आतच कोंडते, मग ती वर चढते, लोणा धरतो म्हणजे भिंतीवर पांढरे क्षार फुटतात, आणि जिथे तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे लाकूड कुजायला लागतं. आमच्या माजघरातली एक तुळई बाहेरून ठणठणीत दिसायची, सुतारानं टोकाशी पटाशी लावली तर मूठभर भुसा हातात आला. सागवान बरं का ते!

तीन जणांना बोलावलं होतं. पहिला म्हणाला पाडा, खाली दोन गाळे, वर फ्लॅट. दुसरा म्हणाला भिंतीत केमिकल सोडू, वरून वॉटरप्रूफ पुट्टी मारू, दहा वर्षं बघायला नको. या बाईंनी मात्र पहिल्या भेटीत रेटच सांगितला नाही, छतावर चढल्या, माळ्यावर टॉर्च मारत फिरल्या, आडात डोकावल्या आणि म्हणाल्या, अजून काही ठरवू नका, आधी एक पावसाळा मला बघू दे. मला तेव्हा टाळाटाळच वाटली. आता वाटतं तिथेच अर्धं काम झालं होतं, कारण ओल नक्की कुठून येतेय हे त्या पावसाळ्यातच कळलं.

पहिले दोन महिने नुसतं सिमेंट फोडणं चाललं होतं. घरात धूळ इतकी की काकू वैतागून मुलीकडे राहायला गेली. पण थर निघत गेले तशी मजा आली, वर पिस्ता ऑइल पेंट, त्याखाली गुलाबी डिस्टेंपर, आणि जिथे जुना गिलावा शाबूत होता तिथे नीळ घातलेला चुना. जिन्याजवळ सिमेंटमागे एक देवळी सापडली, आत दिव्याची काजळी तशीच. मी म्हटलं घासून साफ करा, तर मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई, धूर कसा वर जायचा ते दिसतंय." राहू दिली. अजून काळीच आहे.

मिस्त्रीमामांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पैसे खरे त्यांच्या हाताला दिलेत. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, आणून हौदात भिजवली आणि महिनाभर हात लावू दिला नाही. मी दर शनिवारी पुण्याहून यायची आणि विचारायची झालं का, ते म्हणायचे, "चुन्याला घाई चालत न्हाई." मग चुना, सुरखी म्हणजे विटांचा भुगा, आणि वाळू घाणीत मळून घ्यायची. जुन्या काळी बैल फिरायचा, आता मोटरची घाणी आहे, बाकी तेच. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी. आमच्या भाच्यानं रील केलं आणि खाली लिहिलं भिंतीचा काढा. पातळ पातळ थर द्यायचे, मध्ये सुकू द्यायचं, वरून ओली पोती लावून ठेवायची, आणि शेवटी निरूचा, म्हणजे बारीक गाळलेल्या चुन्याचा, हात घोटून घोटून. सिमेंट चार दिवसांत टणक होतं, चुना मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत महिनोन्‌महिने घट्ट होत जातो, म्हणून हे काम भर उन्हाळ्यात उरकू म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, उन्हात तडे जातात. आमची वरच्या मजल्यावरची एक भिंत तशी तडकलीच, पोती वेळेवर भिजवली नव्हती पोरांनी. मामांनी काही न बोलता पूर्ण खरवडून परत केली आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

सुतारकाम पण चांगलं. अख्खा खांब बदलायचा सोपा मार्ग होता, पण फक्त खालचा कुजलेला दीड फूट कापून तिथे जुन्याच सागाचा तुकडा सांधा करून बसवला, लाकडी पाचरी मारून, खिळा एकही नाही. सांधा दिसतो आणि तो दिसू द्यायचा असं बाईंचं म्हणणं, नवं ते नवं दिसावं. भावाला हे पटलं नाही, अजूनही आलेल्या पाहुण्याला खांबाच्या पुढ्यातच खुर्ची देतो. ऑइल पेंट काढून जवसाचं तेल दिलंय, पहिले दोन महिने वास येतो, नंतर नाही.

छपराला एवढंच म्हणेन की कौलं जपून उतरवली. मंगलोरी आहेत, बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला त्याच घराण्यातली, आजच्या कौलांशी खाच जुळत नाही, त्यामुळे कमी पडलेली साताऱ्याकडच्या एका पाडलेल्या घरातून आणली. पन्हळी नवीन. गळती शून्य.

आता परस. इथे माझं डोकं फिरतं. बाईंनी घराचं एवढं निगुतीनं केलं आणि परसाचं काम दिलं दुसऱ्याच एका ठेकेदाराला, मला न विचारता, आणि त्यानं काय केलं, तर सगळं सपाट करून खाली काँक्रीट आणि वर पेव्हर ब्लॉक! भिंतीचं सिमेंट काढायला दोन महिने आणि भिंतीच्या पायाशी सिमेंट ओतायला दोन दिवस. आडापासून बोळापर्यंत एक दगडी नाली होती, वीतभर रुंद, आम्ही लहानपणी त्यात होड्या सोडायचो, ती त्यानं कचरा समजून बुजवली. प्राजक्त तोडला, मुळं आडात जातील म्हणे. शंभर वर्षं गेली नाहीत ती आता जाणार होती?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि काकूचा फोन, जोत्याला पाणी टेकलंय. मी जाईपर्यंत मागच्या खोलीच्या नव्या चुन्यावर गुडघाभर ओल चढली होती. बाईंना फोटो पाठवले, त्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजर, छत्री पण न उघडता परसात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे माझ्याकडून सुटलं. हे मात्र मान्य करायला हवं, असं म्हणणारी माणसं या धंद्यात फार भेटत नाहीत. मग जोत्यालगतचं काँक्रीट चार फूट फोडलं, नाली उकरून मोकळी केली, तिथे गोटे आणि मुरूम टाकला. खर्चाचं अर्ध-अर्ध झालं, त्यावरून घरात अजून वाद आहे, भावाच्या मते एक रुपया द्यायला नको होता. मला वाटतं थोडी चूक आमचीही, परसाचं ड्रॉइंग मागितलंच नव्हतं, सगळं लक्ष ओसरीच्या नक्षीवर. ओल आता उतरलीये, पण त्या भिंतीवर नकाशासारखा डाग राहिलाय.

पैशाचं विचारणाऱ्यांसाठी: अंदाज १८ लाखांचा होता, झाले २४. वेळ आठ महिने सांगितला, लागले चौदा, तो बघण्यात घालवलेला पावसाळा धरला नाही. सहा लाखांपैकी निम्मे लाकडात गेले, ते उघडल्याशिवाय कळतच नाही, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. बिलं वेळेवर आणि सविस्तर, कुठल्या खोलीला किती घमेली चुना इथपर्यंत. फोन मात्र दुपारी उचलत नाहीत.

राहायला कसं वाटतं? मे महिन्यात माजघरात पंखा न लावता झोपता येतं, सिमेंट होतं तेव्हा रात्री भिंतीला हात लावला तर तव्यासारखी लागायची. चुन्याला अंग घासलं तर कपड्याला पांढरं लागतं, त्याची सवय करावी लागते. आणि भिंतीत खिळे ठोकता येत नाहीत, म्हणजे मामा ठोकू देत नाहीत, कॅलेंडर लावायला पण खुंटीच वापरायची.

कोणाला बघायचं असेल तर ढोल्या गणपतीला आलात की या, शनिवार-रविवार कोणी ना कोणी असतं. याच लोकांना काम द्यायचं का, तर घरासाठी डोळे झाकून द्या, परसाला कोण हात लावणार ते मात्र आधी लिहून घ्या. आणि शेवटचा हप्ता पहिला पाऊस पडेपर्यंत अडकवून ठेवा. आम्ही मार्चमध्येच देऊन बसलो होतो.