मुनस्यारी की गंगोत्री?
ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या शेजारच्या काकूंना हिमनदीच्या वाटेवरचे एखादे छोटे गाव पायी हिंडून जाणून घ्यायचे आहे; उत्तराखंडातले मुनस्यारी की गंगोत्री, हे मात्र ठरत नाही.

प्रवासाचा शीण दोन्हीकडे सारखाच असून वाटेत एक मुक्काम धरूनच चालावे. उंचीत फरक आहे: मुनस्यारी सुमारे २,२०० मीटरवर, तर गंगोत्री ३,००० मीटरच्या वर असल्याने ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर रोज फिरणाऱ्यालाही तिथे दम लागू शकतो.

लोकजीवनाच्या दृष्टीने मला मुनस्यारी अधिक समृद्ध वाटते. १९६२ पर्यंत तिबेटशी व्यापार करणाऱ्या, जोहार खोऱ्यातील शौका जमातीच्या वस्तू तिथल्या छोट्या संग्रहालयात जपल्या आहेत, आणि जवळच्या दरकोटमध्ये लोकरीचे विणकाम घरोघरी पाहता येते. शंभर मण्यांच्या माळेवर पावले मोजत तिबेटचे सर्वेक्षण करणारे पंडित नैनसिंह रावत याच खोऱ्यातल्या मिलम गावचे. त्यांच्या मुलुखात पायीच हिंडावे, असे मनापासून वाटते.

गंगोत्रीचे जीवन मंदिराभोवती फिरते. अक्षय्य तृतीयेला दरवाजे उघडतात, दिवाळीच्या सुमारास देवी पालखीतून मुखबा गावी जाते आणि गाव ओस पडते. यात्राकाळात गर्दी व निवासाचा खर्च दोन्ही वाढतात. गोमुख, म्हणजे गंगा जिथून उगम पावते ते हिमनदीचे मुख, सुमारे १८ किलोमीटरवर असून त्यासाठी वनखात्याचा परवाना लागतो.

ज्यांना गंगेचे दर्शन आणि गोमुखाची वाट हवी, त्यांनी गंगोत्री निवडावी. काकूंना लोकांशी निवांत बोलायचे आहे, गुडघेही जपायचे आहेत. त्यांच्यासाठी मुनस्यारीच योग्य.