पाण्याचा नमुना: स्वतः नेऊन द्यावा की लॅबचा माणूस बोलवावा?

इंदूरात पाणी तपासून घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न पैशांचा निघतो. बाटली आपणच नेऊन दिली तर स्वस्त, लॅबचा माणूस घरी आला तर त्याचे वेगळे पैसे. माझ्या मते आधी काय तपासायचंय ते ठरवावं. आणि नर्मदेचं (म्हणजे शहराच्या नळाचं) नि बोरिंगचं पाणी एकाच हौदात पडत असेल, तर नमुना हौदाच्या आधी, दोन्हींचा वेगवेगळा घ्यावा. नाहीतर दोष कुठल्या पाण्यात, ते कळतच नाही.

बोरिंगचे क्षार, जडपणा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ) एवढंच बघायचं असेल तर खुशाल स्वतः न्या. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, काठोकाठ भरा, झालं. नायट्रेट तपासायचं असेल तर बाटली थंड ठेवून दोन दिवसांच्या आत पोचवा. शिसं, आर्सेनिकसारख्या धातूंसाठी मात्र लॅबचीच बाटली मागून घ्या. त्यात आधीच नायट्रिक अॅसिड असेल तर ती विसळायची नाही.

जीवाणूंसाठी माणूसच बोलवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक 10500 प्रमाणे 100 मिलि पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जीवाणू) सापडताच कामा नये, आणि बाटलीला बोट लागलं तरी निकाल बिघडतो. शिवाय नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं. निर्जंतुक बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट नसेल तर ते क्लोरीन वाटेतही जीवाणू मारत राहतं, आणि घाण पाण्याचा अहवाल स्वच्छ येतो! जाणकार माणूस नळाची जाळी काढतो, तोंड निर्जंतुक करतो, थोडा वेळ पाणी वाहू देतो, बाटली न विसळता वर थोडी जागा ठेवून भरतो आणि बर्फाच्या डब्यात ठेवतो. उरलेलं क्लोरीन (नळाशी निदान 0.2 मिग्रॅ प्रति लिटर हवं) आणि पीएच तो तिथेच मोजू शकतो. हे आकडे लॅबपर्यंत टिकत नाहीत.

आता कागद. आपण नेलेल्या नमुन्याच्या अहवालावर ‘नमुना ग्राहकाने दिला’ अशा अर्थाची ओळ असते. म्हणजे पाणी कुठलं, याची जबाबदारी लॅबची नाही. घरच्या माहितीला तेवढं पुरतं. पण बिल्डरशी किंवा सोसायटीत वाद असेल, तर समोरचा आधी त्याच ओळीवर बोट ठेवणार. तिथे लॅबनेच घेतलेला नमुना हवा आणि त्यासोबतचा फॉर्म पूर्ण हवा: नळाची नेमकी जागा, तारीख-वेळ, कोणी घेतला, कोणी कोणाला कधी सोपवला, सही. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची आहे का आणि तुमची चाचणी त्या मान्यतेत बसते का, दोन्ही विचारा.

स्वतः नेणार असाल तर लेबल बाटलीच्या अंगावर लावा. झाकणं अदलाबदल होतात. साध्या शाईचं लिखाण बर्फात पुसतं, पक्क्या मार्करने लिहा. आणि नाइलाजाने जीवाणूंची बाटलीही स्वतः भरावी लागली, तर शनिवारी दुपारी भरण्याआधी लॅबला फोन करा. ती 24 तासांच्या आत चाचणीला लागावी लागते, सोमवारपर्यंत फ्रिजमध्ये ठेवून चालत नाही.