सूचनापेटी: डबा मजबूत, पण उघडणार कोण?

कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत बऱ्याच कारखान्यांत टाइम ऑफिसशेजारी पत्र्याची सूचनापेटी टांगलेली असते. कामगाराच्या डोक्यातली युक्ती मालकापर्यंत पोचवायचं हे सगळ्यात स्वस्त साधन. वस्तू म्हणून तिच्यात फारशी खोट नाही, वापरात मात्र ती हमखास फसते.

आधी डब्याचं. फटीवर झडप असलेलीच पेटी घ्या, नाहीतर फाउंड्रीची काळी धूळ आत साठते. पुढची बाजू ॲक्रिलिकची असेल तर उत्तम, कारण साठलेल्या चिठ्ठ्या सगळ्यांना दिसतात आणि पेटी उघडायची टाळाटाळ करता येत नाही. चिठ्ठी घडी घालून टाकली की अक्षरही ओळखू येत नाही. लावायची पाण्याच्या कूलरजवळ. साहेबांच्या केबिनसमोर, कॅमेऱ्याखाली लावलेल्या पेटीत चिठ्ठी टाकायला कोणी धजत नाही.

लांबलचक छापील फॉर्म ठेवू नका. ‘अपेक्षित बचत रुपयांत’ हा रकाना दिसला की ऑपरेटर पेन खाली ठेवतो. तीन ओळी पुरेत: अडतंय काय, कुठल्या मशीनवर, काय केलं तर बरं. समजा चिठ्ठी अशी आली (व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, जॉब म्हणजे त्यावर बांधलेला भाग): ‘व्हीएमसी दोनवर जॉब बदलताना दरवेळी पाना शोधावा लागतो. क्लॅम्पच्या नटालाच हँडल वेल्ड करा.’ एका जॉबमागे ३ मिनिटं, पाळीत ८ जॉब, दोन पाळ्या, म्हणजे दिवसाला ४८ मिनिटं वाचली. खर्च एका सळीचा. पण एवढ्यासाठी परचेसच्या तीन सह्या लागणार असतील तर चिठ्ठी तिथंच मेली. सुपरवायझरला २,००० रुपयांपर्यंत न विचारता खर्च करायची मुभा द्या आणि आठ दिवस एकाच मशीनवर चाचणी घ्या. हँडल टूल होल्डरला (कापणारं हत्यार धरणाऱ्या भागाला) आडवं येतं का, हे कागदावर कळत नाही, मशीनच्या टेबलावर बांधल्यावरच कळतं.

सुरुवातीला चिठ्ठ्या येतात त्या संडास, पंखे आणि चहाच्या. ‘यात नवं काय?’ म्हणून मालक इथंच पेटी सोडून देतात, आणि तीच घोडचूक. फिल्म आणि कॅमेरे बनवणाऱ्या कोडॅक कंपनीने १८९८ मध्ये सूचना योजना सुरू केली, तेव्हा बक्षीस मिळालेली पहिली सूचना खिडक्या धुण्याची होती. बक्षीस दोन डॉलर. पंखा दुरुस्त झालेला दिसला, की मगच फिक्स्चरची (जॉब घट्ट धरणाऱ्या साधनाची) चिठ्ठी येते.

उत्तर सात दिवसांत, फळ्यावर: होणार, चाचणी चालू, किंवा नाही आणि का नाही. बचतीच्या टक्क्यांवर बक्षीस ठेवलं की हिशोबावरून आणि ‘कल्पना माझी’ यावरून भांडणं लागतात. मंजूर चिठ्ठीला ठरावीक रक्कम, त्याच आठवड्यात द्या. ठेकेदाराच्या कामगारांनाही द्या, कारण माल उचलायची आणि बर (कापलेल्या धातूच्या कडेला उरलेले कंगोरे) काढायची कामं बहुतेक तेच करतात. सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे वाचलेल्या वेळेवर लगेच टार्गेट वाढवणं. त्यानंतर पेटी कायमची रिकामी.

पेटीची मर्यादाही ओळखा. नवं उत्पादन चिठ्ठीतून जन्मत नाही. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकमध्येच स्टीव्ह सॅसन यांनी बनवला, पण कंपनीने फिल्मचा धंदा जपला आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. अशा कामासाठी माणसाचे तास, मशीनचे तास आणि मटेरियल वेगळं काढून ठेवावं लागतं.

तीसेक माणसांच्या वर्कशॉपला पेटी नकोच, फळा आणि खडू पुरतो. दोन पाळ्या असतील तर जरूर घ्या. किल्ल्या दोन करा, एक मॅनेजरकडे आणि एक शॉपफ्लोअरवरच्या माणसाकडे, आणि पेटी दर आठवड्याला ठरल्या वारी, पाळी बदलताना, सगळ्यांसमोर उघडा.